पाण्यातलं अभयारण्य

अभयारण्य म्हटलं की कोल्हापूरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं दाजीपूर येतं. राधानगरीच्या वरचं दाट जंगल, धुक्यात उभा असलेला गवा आणि फाटकावर पावती फाडणारा वनखात्याचा माणूस. संस्थानच्या काळात हे शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ साली ते अभयारण्य झालं, आणि ते महाराष्ट्रातलं पहिलं. याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्तही आहे.

पण हाच दाजीपूरचा रस्ता फोंडा घाटानं खाली उतरतो, कणकवलीवरून मालवणला जातो, आणि तिथं आणखी एक अभयारण्य आहे. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. गंमत अशी, की आपल्यातले हजारो लोक त्या अभयारण्यातून जाऊन आलेले असतात. मालवणच्या जेटीवरून होडीत बसून आपण सिंधुदुर्ग किल्ल्यावर जातो, तो सगळा प्रवास अभयारण्यातला. त्याला फाटक नाही, तिथं झाड नाही की गवा नाही. ते पाण्याखाली आहे.

त्याचं नाव मालवण सागरी अभयारण्य. १३ एप्रिल १९८७ रोजी ते जाहीर झालं. एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यात दोन भाग. आतला गाभा ३.१८२ चौरस किलोमीटरचा. सिंधुदुर्ग किल्ल्याचं बेट, शेजारचा पद्मगड आणि आजूबाजूचे पाण्यात बुडालेले खडक त्यात येतात. त्याभोवतीचा २५.९४ चौरस किलोमीटरचा पट्टा हे बाहेरचं कडं. अभयारण्याची एक कड तर मालवण बंदराजवळ किनाऱ्यापासून अवघ्या ५० मीटरवर येते. म्हणजे बाजारात मासे उतरवणारी होडी आणि कायद्यानं राखलेला समुद्र यांच्यात एका शाळेच्या मैदानाएवढं अंतर.

मी कविता लिहितो, शास्त्रज्ञ नाही. त्यामुळं मी आधी शब्दापाशीच अडतो. 'अभयारण्य' या शब्दात दोन शब्द आहेत. अभय आणि अरण्य. समुद्रात अरण्य नाही, हे उघड आहे. मग उरतं ते अभय. हे अभय कुणाला आणि कुणापासून? जंगलात याचं उत्तर सोपं वाटतं, गव्याला शिकाऱ्यापासून. पण मालवणच्या समुद्रात मासा आहे आणि त्या माशावर पोट भरणारा माणूसही आहे. एकाला अभय देताना दुसऱ्याच्या मनात भय बसलं, तर ते अभयारण्य किती टिकेल? आज मला याच प्रश्नाविषयी बोलायचं आहे.

किल्ल्याखालचा किल्ला

आधी पाण्याखाली काय आहे ते पाहू. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. ही जागा निवडण्यामागं एक मोठं कारण होतं, ते म्हणजे बेटाभोवतीचे खडक. काही पाण्याच्या वर डोकं काढणारे, काही लाटेखाली दबा धरून बसलेले. ज्याला वाट ठाऊक आहे त्याचीच होडी सुखरूप आत जाणार. परक्या गलबताचा तळ फुटणार. ही वाट ठाऊक असलेली माणसं कोण? तिथले मच्छीमार. त्यांनीच महाराजांना ही जागा दाखवली, असं मालवणात आजही सांगतात.

जे खडक शत्रूला अडवतात तेच माशाला आसरा देतात. वाळूचा तळ हा मोकळ्या माळासारखा असतो. तिथं लपायला जागा नाही. खडकाला मात्र कपारी असतात, सावली असते, शेवाळ धरायला जागा असते. मालवणच्या खडकांवर समुद्री शेवाळाचं घनदाट रान माजतं. शिंपले आणि कालवं चिकटतात. शेवंड कपारीत राहते. तांबोशी, गोबरा यांसारखे खडकाळ जागेचे मासे इथं वाढतात. आणि याच खडकांवर प्रवाळ आहे.

प्रवाळ म्हणजे आपल्या अंगठीतलं पोवळं ज्या कुळातलं, ते कूळ. ते दगड नाही, झाडही नाही, तो प्राणी आहे. टाचणीच्या डोक्याएवढे बारके जीव हजारोंनी एकत्र राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात. पिढ्यान्‌पिढ्या घरावर घर चढत जातं. या जिवाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ वस्तीला असतं. शेवाळ उन्हापासून अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. मालक त्याला निवारा देतो. भाडेकरू आणि मालक इतक्या गुण्यागोविंदानं राहिल्याचं उदाहरण कोल्हापुरात शोधूनही सापडायचं नाही.

चित्रात दिसतात तशा झाडासारख्या फांद्यांच्या मोठ्या बागा मालवणात फारशा नाहीत. इथला प्रवाळ बहुतेक गोळ्यांसारखा किंवा खडकावर लिंपल्यासारखा वाढतो. त्यालाही कारण आहे. कोकणच्या नद्या पावसाळ्यात लाल माती घेऊन समुद्रात उतरतात. पाणी गढूळ होतं, ऊन तळापर्यंत पोचत नाही. अशा पाण्यात चार महिने काढायचे आणि पुन्हा ऑक्टोबरपासून उभं राहायचं, हे चिवट जातीलाच जमतं. मालवणचा प्रवाळ दिसायला साधा आहे, पण सोसणारा आहे.

या गढूळपणाशी आपलाही संबंध आहे. सह्याद्रीच्या धारेवर पडलेला पाऊस दोन दिशांना जातो. पूर्वेला उतरलेलं पाणी पंचगंगेतून कृष्णेला आणि पुढं बंगालच्या उपसागराला मिळतं. पश्चिमेला उतरलेलं पाणी काही तासांत अरबी समुद्रात. म्हणजे धारेवरची झाडं तोडली की माती दोन्हीकडं वाहते. एकीकडं ती धरणात साचते, दुसरीकडं समुद्रातल्या खडकांवर बसते. दाजीपूरचं अभयारण्य आणि मालवणचं अभयारण्य एवढे जवळचे नातेवाईक आहेत.

राखलेल्या कोपऱ्याचं गणित

आता कुणीही विचारेल, की एवढ्याशा तीन चौरस किलोमीटरनं काय होणार? महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे, असं आपण शाळेत पाठ केलंय. त्यात हा तुकडा म्हणजे ताटातलं मीठ.

पण मीठ थोडंच लागतं. शेतकरी बियाण्याचं धान्य वेगळं काढून ठेवतो. कितीही ओढाताण झाली तरी त्याला हात लावत नाही. समुद्रातला राखलेला कोपरा हे असंच बियाणं. तिथं मासा मारला जात नाही, म्हणून तो मोठा होतो. माशाचं एक वैशिष्ट्य असं, की मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी पट जास्त अंडी घालते. अंडी आणि पिलं प्रवाहाबरोबर कोपऱ्याबाहेर जातात. जागा अपुरी पडली की मोठे मासेही बाहेर पडतात. त्यांना आत-बाहेर कळत नाही. म्हणून राखलेल्या कोपऱ्याचा फायदा कोपऱ्याबाहेर जाळं टाकणाऱ्याला होतो.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. फिलिपिन्स देशात सुमिलॉन नावाचं छोटं बेट आहे. तिथल्या सिलिमन विद्यापीठातले शास्त्रज्ञ एंजल अल्काला यांच्या प्रयत्नातून १९७४ साली बेटाच्या प्रवाळखडकाचा साधारण चौथा हिस्सा मासेमारीला बंद केला गेला. दहा वर्षं तो राखला गेला. १९८४ मध्ये स्थानिक राजकारण बदललं, बंदी मोडली आणि सगळा खडक मासेमारीला मोकळा झाला. जास्त जागा मिळाली म्हणजे जास्त मासा मिळायला हवा. झालं उलटंच. दोनेक वर्षांतच बेटावरचं मासे मिळण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली आलं. बियाणं खाऊन टाकलं होतं.

त्याच भागात अपो नावाचं दुसरं बेट आहे. तिथं हेच अल्काला आणि त्यांचे सहकारी गेले, पण त्यांनी वाट वेगळी धरली. बेटावरच्या मच्छीमारांशी ते बोलत राहिले. त्यांना सुमिलॉनचा राखलेला खडक दाखवायला घेऊन गेले. १९८२ मध्ये अपोच्या लोकांनी किनाऱ्याचा साधारण अर्धा किलोमीटरचा पट्टा आपणहून बंद केला आणि त्याची राखणही स्वतःच केली. कोपरा निवडला त्यांनी, रेघ आखली त्यांनी. पुढं तिथं मासा वाढला, पाहुणे यायला लागले, त्यांच्याकडून मिळणाऱ्या पैशाचा गावाला उपयोग झाला. सरकारी कायदा त्यावर नंतर आला.

दोन्हीकडं शास्त्रज्ञ तेच, समुद्र तोच आणि मासाही तोच. फरक होता तो रेघ कुणी आखली यात.

रापण आणि रेघ

मालवणकडं परत येऊ. माझ्या फुफीचं, म्हणजे आत्याचं, सासर मालवण तालुक्यात. शाळेच्या सुट्टीत मी तिथं जायचो आणि पहाटे रापण ओढायला किनाऱ्यावर पळायचो. रापण ही कोकणातली जुनी रीत. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडत नेतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणतात. मग दोन्हीकडून तीसचाळीस माणसं ते ओढत राहतात. मासा आला की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसाचा वाटा. दोरीला हात लावलेल्या पोरालाही चार बांगडे मिळायचे. ते बांगडे घेऊन मी फुफीच्या घरी जायचो तेव्हा स्वतःला मोठा तांडेल समजायचो.

त्या किनाऱ्यावर मी शब्दही गोळा केले. मालवणी माणूस समुद्राला 'दर्या' म्हणतो, तो शब्द फारसी. 'बंदर' फारसी. 'खलाशी' अरबीतून आलेला. 'नाखवा' हा फारसी नाखुदाचा कोकणी अवतार. 'मोसम' अरबी. गाबीत असो, भंडारी असो की दालदी, होडीत चढला की सगळ्यांची बोली हीच. शेकडो वर्षांच्या व्यापारानं हे शब्द लाटांबरोबर येऊन किनाऱ्याला लागले. समुद्रावर रेघ मारणं माणसाला कधी फारसं जमलेलं नाही, याचा पुरावा आमच्या शब्दकोशातच आहे.

१९८७ साली मात्र अशी एक रेघ मारली गेली. मी तेव्हा नुकताच कॉलेजात गेलो होतो. अभयारण्य जाहीर झालं आणि मालवणच्या मच्छीमारांच्या मनात धास्ती शिरली. ती धास्ती पुढं विरोध झाली आणि अनेक वर्षं टिकली. उद्या आपल्याच दारातल्या समुद्रात जाळं टाकलं म्हणून गुन्हा दाखल होणार का? बंदरात यायची वाट बंद होणार का? असे त्यांचे प्रश्न होते. काही वर्षांपूर्वी एका वयस्क रापणकाराला मी विचारलं, "काका, अभयारण्य नको असं का वाटतं तुम्हाला?" ते म्हणाले, "नको असा नाय रे बाबा. पण आमका कोणी इचारल्यान नाय. दर्याक कुंपाण घालतलास तर ता आमच्याच हातान घालूक होया."

यापेक्षा नेमकं मला तरी सांगता येणार नाही.

कायद्याचा प्रवासही इथं पाहण्यासारखा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. तो मुळात जंगलासाठी लिहिलेला. समुद्रातल्या अभयारण्यासाठी त्यात खास तरतूद आली ती १९९१ च्या दुरुस्तीनं. सागरी हद्दीतला भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्यासाठी पुरेशी उपाययोजना करावी, आणि होड्यांच्या निर्धोक ये-जा करण्याच्या हक्काला बाधा येऊ नये, असं त्यात म्हटलं गेलं. मालवणचं अभयारण्य जाहीर झालं १९८७ मध्ये. म्हणजे मच्छीमाराचा उल्लेख कायद्यात येण्याच्या चार वर्षं आधी. नकाशा आधी आला आणि माणूस नंतर.

आपल्या कोल्हापूरच्या इतिहासात याच्या उलट शिकवण आहे. रामचंद्रपंत अमात्य म्हणजे आपल्या गगनबावड्याच्या जहागिरीचे. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या त्यांच्या आज्ञापत्रात आरमाराविषयी एक प्रकरण आहे. जहाजांना लाकूड लागतं, आंबा आणि फणसाची लाकडंही उपयोगी असतात. पण त्यांना हात लावू नये, असं अमात्य बजावतात. कारण रयतेनं ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण असेल तर धन्याची समजूत घालावी, त्याला मोबदला द्यावा, त्याच्या संतोषानं घ्यावं. जोरजबरदस्ती करू नये. काम राज्याच्या आरमाराचं, तरीही रयतेची संमती हवी. तीनशे वर्षांपूर्वी किनारा राखणाऱ्यांना जे कळलं होतं, तेच आज समुद्र राखणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

विश्वासानं जमलेल्या गोष्टी

निराश होण्यासारखं मात्र नाही. गेल्या वीसपंचवीस वर्षांत याच कोकण किनाऱ्यावर संमतीनं झालेली कामं आहेत.

रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास हे गाव पाहा. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं तिथं वाळूत अंडी घालतात. पूर्वी ही अंडी सर्रास काढली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ च्या सुमारास तिथं काम सुरू केलं आणि गावकऱ्यांनाच राखणदार केलं. अंडी सुरक्षित जागी पुरायची, पिलं बाहेर आली की समुद्रात सोडायची. पुढं तो सोहळा पाहायला लोक यायला लागले आणि गावातल्या घरांतून पाहुण्यांची जेवणं रांधली जाऊ लागली. कासव वाचवणं हा गावाचा अभिमान झाला.

दुसरी गोष्ट जाळ्याची. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमुशीसारखा महाकाय जीव अडकला की त्याला सोडवायला जाळं कापावं लागतं. जाळं म्हणजे मच्छीमाराचं भांडवल. 'जीव वाचवा' हे सांगणं सोपं, पण नुकसान कुणी सोसायचं? राज्य सरकारनं डिसेंबर २०१८ मध्ये योजना आणली. जाळं कापून संरक्षित जीव सोडला तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. त्यानंतर असे कित्येक जीव मच्छीमारांनी स्वतःच्या हातानं समुद्रात परत सोडले आहेत. माणूस निर्दय नव्हता. त्याचा हिशेब कुणी विचारला नव्हता, एवढंच.

तिसरी गोष्ट खुद्द सिंधुदुर्गातली. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं २०१२ च्या आसपास तिथं किनाऱ्याच्या जैवविविधतेचा एक मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यात बायकांचे बचत गट कालवं आणि खेकडे यांच्या शेतीत उतरले. वेंगुर्ल्यात तर बायका स्वतः वल्ही मारून पर्यटकांना खाडीतलं कांदळवन दाखवायला लागल्या. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या टोकाला चौकोनी आसाचं जाळं लावण्याचा प्रयोगही त्यातच झाला. नेहमीच्या जाळ्याचा आस शंकरपाळीच्या आकाराचा असतो. ओढ बसली की तो मिटतो आणि पिलंही आत अडकतात. चौकोनी आस उघडा राहतो. पिलू निसटतं, मोठं होऊन पुन्हा येतं. एवढ्या साध्या बदलात पुढच्या वर्षाचा मासा वाचतो.

यातून एक गोष्ट कळते. समुद्रात कुंपण घालता येत नाही. चौकीदार ठेवला तरी एक माणूस किती लाटा मोजणार? रोज पहाटे समुद्रावर असतो तो मच्छीमार. त्यानं ठरवलं तर रेघ पाळली जाते. त्यानं पाठ फिरवली तर ती नकाशावरच राहते.

खरी धास्ती कुठली

लहान मच्छीमार अभयारण्याला घाबरतो, पण त्याचं खरं नुकसान दुसरीकडून होतं. ट्रॉलरचं जाळं समुद्राचा तळ खरवडत जातं. पर्ससीनचं जाळं माशांच्या अख्ख्या थव्याला वेढतं आणि बटव्याची दोरी ओढावी तसं खालून आवळलं जातं. जो थवा किनाऱ्याला येऊन पन्नास घरांच्या रापणीत वाटला गेला असता, तो वाटेतच एका बोटीत जातो. याविरुद्ध मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी अनेक वर्षं लढा दिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्यानं पर्ससीनवर कडक निर्बंध घातले. प्रखर दिवे लावून मासा गोळा करण्याच्या पद्धतीवर २०१७ मध्ये केंद्रानं बंदी आणली. २०२१ मध्ये राज्याच्या मासेमारी कायद्यातला दंड वाढवला गेला. कागद भक्कम आहे. अंमलबजावणीसाठी मात्र मच्छीमारांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावं लागतं.

म्हणजे पाहा, अभयारण्याला जे नको आहे तेच रापणकारालाही नको आहे. दोघांचा शत्रू एकच. तरीही दोघं एकमेकांकडं संशयानं पाहत राहिले, हे या गोष्टीतलं मोठं दुःख.

त्यात आता तापणाऱ्या समुद्राची भर पडली. पाण्याचं तापमान उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा एखादा अंश वर चढून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळाच्या अंगातला तो शेवाळाचा भाडेकरू घर सोडून जातो. त्याचा रंग जातो आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. तो लगेच मरत नाही, पण उपाशी राहतो. पाणी लवकर निवलं तर सावरतो, नाहीतर संपतो. २०१५-१६ च्या सुमारास जगभर असं झालं, तेव्हा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मालवणचा प्रवाळही पांढरा पडल्याची नोंद केली. २०२३-२४ मध्ये जगातल्या समुद्रांवर पुन्हा ही आपत्ती आली. समुद्र थंड करणं मालवणच्या हातात नाही. पण आजारी माणसाला निदान धक्के तरी मारू नयेत, एवढं आपल्या हातात आहे.

आपण कुठं येतो?

आणि इथं कोल्हापूरकर येतो. मालवणशी आपलं नातं जुनं. सिंधुदुर्ग किल्ला करवीर राज्याचा होता. १८१२ च्या तहात मालवण बंदर आणि तिथले किल्ले इंग्रजांना द्यावे लागले, आणि आपल्या हातचा तो समुद्र गेला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात आपला पन्हाळा आणि मालवणचा सिंधुदुर्ग एकाच ओळीत आले. आपण फटाके वाजवले, ते योग्यच. पण सिंधुदुर्गाची तटबंदी पाण्याच्या रेघेपाशी संपत नाही, तिथून खाली जिवंत तटबंदी सुरू होते. तिच्यासाठी कुणी फटाका वाजवला नाही.

आज आपलं नातं दोन गोष्टींचं आहे, ताटातल्या माशाचं आणि सुट्टीतल्या सहलीचं. दोन्हीकडं आपण गिऱ्हाईक आहोत, आणि गिऱ्हाइकाच्या शब्दाला बाजारात वजन असतं. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्यानं ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण सव्वापाच इंच. त्याहून लहान पापलेट म्हणजे पिल्लू. ते टोपलीत दिसलं तर "मावशी, हे नको, मोठं असेल तेव्हा सांगा," एवढं म्हणायला पैसे पडत नाहीत. दहा गिऱ्हाइकं असं म्हणाली तर ती गोष्ट घाट उतरून खाली पोचते. जून आणि जुलै हे दोन महिने राज्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा हट्ट न धरणं हीसुद्धा समुद्राची सेवाच.

सहलीचंही तसंच. मालवण आणि तारकर्लीला पाण्याखाली उतरायची हौस आता आपल्याकडच्या तरुणांत चांगलीच वाढली आहे. ती चांगली गोष्ट आहे. जे पाहिलं त्याच्यावर माणूस प्रेम करतो. फक्त एवढं ध्यानात ठेवावं, की पायाखाली आहे तो दगड नाही. त्यावर उभं राहू नये, आठवण म्हणून तुकडा मोडू नये. प्रवाळाला २००१ पासून वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. होडीवाल्या दादांना विचारावं, की नांगर खडकावर टाकता की बोयाला दोर बांधता? विचारणारी माणसं वाढली की बोयेही वाढतील.

२०२७ मध्ये या अभयारण्याला चाळीस वर्षं पूर्ण होतील. मला वाटतं, त्या निमित्तानं सभासमारंभापेक्षा एक बैठक व्हावी. मालवणच्या किनाऱ्यावर, वाळूत. एका बाजूला वनखातं आणि शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला रापणकार, होडीवाले आणि मासे विकणाऱ्या बायका. नकाशा मध्ये ठेवावा आणि विचारावं, की बियाण्याचा कोपरा कुठला ठेवायचा? कुठल्या कपारीत शेवंड वाढते, कुठल्या महिन्यात कुठला मासा अंड्यावर येतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? कदाचित तो कोपरा आजच्या गाभ्यापेक्षा लहान निघेल, पण तो पाळला जाईल.

मासा संपला तर अभयारण्याच्या फलकाला अर्थ नाही, आणि मच्छीमार संपला तर मासा राखणारं कुणी उरत नाही. दोघांना मिळून अभय हवं आहे. ते देताना घाटावरच्या आपणही आपला वाटा उचलूया.